पाटीवरचं गाव, पिठातलं गाव

२०१७ च्या वसंतातली गोष्ट. शांघायच्या होंगकौ भागात आम्ही राहत होतो, त्या गल्लीच्या तोंडाशी न्याहारीचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे जुन्या चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली; रस्त्याकडची भिंत फोडून तिला खिडकी पाडलेली. त्या वर्षी शहरात अशा फोडलेल्या भिंती पुन्हा बांधून काढण्याचं काम जोरात चाललं होतं. एका सकाळी पाहिलं तर खिडकीच्या जागी नव्या विटा होत्या आणि सिमेंट अजून ओलं होतं. वाफेच्या ढगातून हात बाहेर काढून बांबूची टोपली पुढे करणारे आजी-आजोबा कुठे गेले, हे शेजाऱ्यांनाही सांगता येईना.

तीन वर्षं दर रविवारी मी त्या खिडकीतून शियाओलोंगबाओ घेत होते. शब्द सरळ आहे. शियाओ म्हणजे लहान, लोंग म्हणजे वाफवायची टोपली, बाओ म्हणजे सारण भरून केलेली पुरचुंडी. आपल्याकडे रस्तोरस्ती मिळणाऱ्या मोमोंच्या कुळातलाच हा पदार्थ. फरक इतकाच की याच्या पोटात खिम्याबरोबर चमचाभर कढत रस असतो. पारी इतकी पातळ, की टोपलीतून उचलताना पुरचुंडी खाली ओघळते आणि आतला रस हललेला बाहेरून दिसतो. ती चमच्यात ठेवायची, कडेला लहानसं भोक पाडायचं, रस ओढून घ्यायचा आणि मग आल्याच्या बारीक कातरणासह काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून उरलेली खायची. नवख्याला शांघायचे लोक हा क्रम हौसेने शिकवतात. आधी खिडकी उघडायची, मग रस प्यायचा. घाई करणाऱ्याची जीभ भाजते.

पुढच्या रविवारी दोन चौक पलीकडच्या दुसऱ्या दुकानात गेले. पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘हांगझोऊ शियाओलोंगबाओ’. आठ नगांची टोपली सात युआनला, म्हणजे जुन्या दुकानापेक्षा बरीच स्वस्त. झाकण काढलं तर आत आठ पांढरे फुगीर गोळे, लहानशा पावांसारखे. चावून पाहिलं. रस नाही. पारी कसली, चांगली बोटभर जाडीची मऊ जाळीदार कणीक, आतल्या अंगाने तेलकट तांबूस झालेली. आपल्याला फसवलं, असं वाटलं आणि मी भर दुकानात म्हणाले, “लाओबान, हे शियाओलोंग नाहीत.” लाओबान म्हणजे मालक. पाच-सहा गिऱ्हाइकांनी माना वर केल्या. मालक पन्नाशीचे, अंगाने किरकोळ. त्यांनी हाताचं पीठ फडक्याला पुसलं, माझ्या टोपलीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “मग काय आहेत?”

मला उत्तर देता आलं नाही. एका खिडकीतून मिळालेल्या पदार्थाला मी त्या नावाचा एकमेव मालक ठरवून बसले होते. पुढचे काही महिने मी जे खाल्लं, वाचलं आणि विचारत फिरले, ते त्या तीन शब्दांच्या प्रश्नापायी.

रस आत जातो कसा

आधी माझ्या जुन्या दुकानातल्या रसाचं पाहू. द्रव पदार्थ पारीत भरता येत नाही. मुखऱ्या घालून तोंड मिटेपर्यंत तो वाहून जातो. म्हणून रस घट्ट करून भरतात. डुकराची कातडी पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास शिजवली की तिच्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं. रात्री उरलेलं पायाचं सूप सकाळी पातेल्यात थिजलेलं दिसतं, तोच हा प्रकार. हा थिजलेला रस बारीक चिरून खिम्यात मिसळतात. जिलेटिन ३०-३५ अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट राहत नाही. टोपली वाफेवर चढली की काही मिनिटांत आतल्या वड्या वितळतात आणि पुरचुंडी रसाने भरते.

हा रस धरून ठेवणारी पारी गव्हाच्या पिठाची, थंड किंवा कोमट पाण्यात भिजवलेली, खमीर न घातलेली असते. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजून मळली गेली की त्यांचं ग्लूटेन होतं. एक चिवट, ताणलं जाणारं जाळं. कणीक झाकून मुरू दिली की हे जाळं सैल पडतं आणि पारी फाटल्याशिवाय पातळ लाटता येते. लाटताना मध्यभाग जरा जाड आणि कडा पातळ ठेवतात. कारण कडा चुण्या होऊन वर एकत्र येणार असतात. तिथे जाडी राहिली तर शेंडा कच्चा राहतो. मध्यभाग तळ होणार असतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो.

उरलेलं काम वाफेचं. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच वाफेचं पाणी होताना मात्र सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात. थंड पुरचुंडीवर वाफ बसते, तिचं पाणी होतं आणि ती सगळी उष्णता पारीला मिळते. म्हणून लहानसा शियाओलोंग सात-आठ मिनिटांत शिजतो. बांबूची टोपली निव्वळ शोभेची नव्हे. धातूच्या झाकणाला लागलेलं पाणी थेंबाथेंबाने खाली पडतं आणि पारी चिकट करतं. बांबूचं विणलेलं झाकण ते शोषून घेतं. आपल्याकडे मोदकपात्राच्या झाकणाला फडकं बांधतात ते याचसाठी.

या पदार्थाचं माहेर म्हणून शांघायच्या वायव्येच्या नानश्यांग या गावाचं नाव घेतात. तिथल्या ह्वांग मिंगश्यान नावाच्या दुकानदाराने १८७१ मध्ये मोठ्या मान्तौचा आकार लहान केला, पारी पातळ केली आणि सारण वाढवलं, असं सांगितलं जातं. सगळे त्याच्या मोठ्या मान्तौची नक्कल करू लागले, म्हणून त्याने नक्कल करायला अवघड असं काहीतरी काढलं, अशी ही कथा आहे. १९०० मध्ये शांघायच्या जुन्या शहरात, यू-युआन बागेशेजारी, नानश्यांगच्या नावाचं दुकान निघालं. ते आजही गर्दी खेचतं. २०१४ मध्ये ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आली.

यादीतलं नाव वाचून मात्र मी थबकले. तिथे ‘शियाओलोंग मान्तौ’ असं लिहिलेलं आहे. उत्तर चीनमध्ये मान्तौ म्हणजे सारण नसलेला वाफवलेला पाव. शांघायच्या बाजूला, वू बोलींच्या प्रदेशात, सारण भरलेल्यालाही मान्तौ म्हणतात. आठवून पाहिलं, तर खिडकीतले आजोबा कधीच ‘बाओ’ म्हणत नसत. ते ‘मान्तौ’च म्हणायचे आणि मी मनातल्या मनात त्यांची चूक दुरुस्त करून घेत होते. ज्या शब्दावरून मी दुसऱ्या दुकानदाराला खोटं ठरवलं, तो शब्द पहिल्या दुकानदाराचाही नव्हता.

फुगलेली कणीक

आता दुसऱ्या दुकानातल्या फुगीर गोळ्यांकडे वळू. त्यांच्या कणकेत खमीर असतं. खमिरातले सूक्ष्म जीव पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. ग्लूटेनचं जाळं तो वायू अडवून धरतं आणि कणकेला हजारो छिद्रं पडतात. वाफ लागली की ती फुगतात आणि त्याच आकारात शिजून घट्ट होतात. आता या स्पंजात चमचाभर रस ओतला तर तो शोषलाच जाणार. त्या गोळ्यांच्या आतल्या अंगाचा तांबूस तेलकटपणा म्हणजे खिम्याचा रसच होता. तो हरवला नव्हता, कणकेने पिऊन टाकला होता. हे कळल्यावर तोच गोळा पुन्हा खाऊन पाहिला. सगळ्यात चवदार भाग सारण नव्हे, सारणाला चिकटलेला तो कणकेचा ओला थर आहे, हे तेव्हा ध्यानात आलं. खाणारे त्यासाठीच येतात.

यामागे व्यवहारही आहे. पातळ पारीचा रसभरा शियाओलोंग टोपलीतून उतरल्यावर लगेच खावा लागतो. निवला की पारी आवळते, तळाला चिकटते, उचलताना फाटते आणि रस वाहून जातो. तो बसून, चमचा हातात घेऊन खायचा पदार्थ आहे. फुगीर बाओ वाफेवर थोडा जास्त वेळ राहिला तरी बिघडत नाही. पिशवीत घालून बस पकडता येते, एका हाताने खाता येतो आणि कणीक भरपूर असल्याने दुपारपर्यंत पोटाला आधार होतो. सकाळी साडेपाचला उघडणाऱ्या, चार टेबलांच्या दुकानाला आणि कामावर निघालेल्या गिऱ्हाइकाला दुसराच पदार्थ सोयीचा.

आणि वयाच्या मुद्द्यावर भांडायचं तर फुगलेली कणीकच थोरली ठरते. तिसऱ्या शतकातला ह त्संग नावाचा एक बडा दरबारी वाफवलेल्या पावाला वर फुलीसारखी चीर पडली नसेल तर त्याला हात लावत नसे, अशी नोंद जिन राजवटीच्या इतिहासात आहे. पाव वर फुटतो तो आत वायू कोंडला तरच. म्हणजे खमीर तेव्हा माहीत होतं. त्याच काळातल्या शू शी या लेखकाने पिठाच्या पदार्थांवर एक दीर्घ रचना केली, तिच्यात मान्तौचा उल्लेख आहे. बाराव्या शतकात मंग युआनलाओने कायफंग या राजधानीच्या आठवणी लिहिल्या. त्यांत एका उपाहारगृहाच्या नामांकित बाओझींचा उल्लेख येतो, आणि आजच्या कायफंगमधले रसभरे बाओ स्वतःला त्यांचेच वारस म्हणवतात. ११२७ मध्ये कायफंग जुरचेन आक्रमकांच्या हाती पडलं. दरबार आणि त्याच्यामागोमाग असंख्य माणसं दक्षिणेला, आजच्या हांगझोऊला आली. भात खाणाऱ्या त्या मुलखात गव्हाला एवढी मागणी आली की त्याचे भाव गगनाला भिडले, असं समकालीनांनी लिहून ठेवलं आहे. उत्तरेची कणीक दक्षिणेत रुजायला या निर्वासितांची भूक बऱ्याच अंशी कारणीभूत झाली.

म्हणजे माझा ‘अस्सल’ शियाओलोंग दीडशे वर्षांचा, आणि ज्याला मी खोटा म्हटलं त्याचं कूळ सतराशे वर्षं मागे जाणारं.

“शेंगझोऊ कुणाला माहीत आहे?”

तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्या दुकानात गेले आणि झाल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मालकांना प्रसंग आठवत होता. “तुमची चूक नाही,” ते म्हणाले, “शांघायचे लोकही तेच म्हणतात.” मग मी हांगझोऊची चौकशी सुरू केली. तिथल्या कुठल्या भागातले? ते हसले. हांगझोऊशी त्यांचा संबंध एवढाच, की गावाहून येताना गाडी त्या बाजूने यायची. गाव शेंगझोऊ. मग पाटीवर हांगझोऊ का? “शेंगझोऊ कुणाला माहीत आहे? हांगझोऊ सगळ्यांना माहीत आहे.”

ही त्यांच्या एकट्याची युक्ती नव्हती. चीनमधल्या कुठल्याही शहरात ‘हांगझोऊ शियाओलोंगबाओ’ अशी पाटी दिसली तर मालक बहुधा झेजियांग प्रांतातल्या शेंगझोऊ परिसराचा निघतो. हांगझोऊ ही प्रांताची राजधानी. शेंगझोऊ हे शाओशिंगच्या हाताखालचं डोंगरांनी वेढलेलं लहान शहर, १९९५ पर्यंत तर नुसता तालुकाच. १९८० नंतर खासगी धंद्याला मोकळीक मिळाली, तशी तिथली माणसं टोपल्या आणि लाटणी घेऊन बाहेर पडली. भांडवल थोडं लागतं, दोन माणसांचे हात पुरतात. म्हणून दुकान बहुतेक नवरा-बायकोचं असतं. एक जोडपं जम बसवतं, मग मेहुणा येतो, काही आठवडे हाताखाली शिकतो आणि पुढच्या शहरात स्वतःची चूल मांडतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईतल्या अय्यंगार बेकऱ्यांचे चालक बरेचदा कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातले असतात, तशातलाच हा प्रकार. पाटी एक सांगते, पीठ मळणारा हात दुसरंच सांगतो.

मे महिन्याच्या शेवटी ड्रॅगन बोटींच्या सणाची सुटी आली. मी बसने शेंगझोऊला गेले. हे गाव चिनी संगीत नाटकाच्या जाणकारांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. आज ‘युए’ म्हणून ओळखली जाणारी, पुढे स्त्री नटांनी गाजवलेली नाट्यशैली १९०६ मध्ये इथल्याच खेड्यांत सुरू झाली आणि शांघायला जाऊन मोठी झाली. घर इथे आणि नाव बाहेर, हा या गावाचा जुना रिवाज दिसतो. बसस्थानकाजवळच्या न्याहारीच्या दुकानात पाटीवर हांगझोऊ नव्हतं. कशाला असेल? वाफेवर दोन तऱ्हेच्या टोपल्या होत्या: एकीत फुगलेल्या कणकेचे, दुसरीत खमीर नसलेल्या कणकेचे. सारणात खिमा होताच, शिवाय तोफू. गिऱ्हाईक आत येताना कुठली कणीक हवी ते सांगत होतं. दोन्हींना एकच नाव. जे दोन पदार्थ मी शांघायमध्ये एकमेकांचे वैरी ठरवले होते, ते इथे एकाच चुलीवर शेजारी शेजारी वाफवले जात होते.

भिशी बुडाली तेव्हा

त्यानंतर नवं दुकान दिसलं की माझा प्रश्न बदलला. हे अस्सल आहे का, असं विचारण्याऐवजी मी विचारू लागले, हे कुठल्या गावचं?

आमच्या ऑफिसच्या मागे ‘शाशियान’ नावाचं उपाहारगृह होतं. हे नाव चीनमध्ये इतकं सर्वत्र दिसतं, की परक्या माणसाला ती एखादी मोठी कंपनी वाटावी. शाशियान हा फुजियान प्रांतातला डोंगराळ तालुका. २०२१ मध्ये त्याचा जिल्ह्यासारखा नागरी दर्जा झाला आणि त्याच वर्षी तिथल्या खाद्यकलेचं नाव राष्ट्रीय वारशाच्या यादीत आलं. देशभरातल्या शाशियान दुकानांचा सरकारी आकडा ८० हजारांहून अधिक सांगितला जातो. तिथे चार गोष्टी हमखास मिळतात: शेंगदाण्याच्या कुटात कालवलेल्या शेवया, लाकडी मोगरीने कुटलेल्या मांसाचे लहान वॉन्टन, औषधी मुळ्यांची सुपं आणि वाफवलेले लांबट जियाओझी, ज्यांना वाळुंजाच्या पानाची उपमा देतात.

या जियाओझींची पारी आधीच्या दोन्हींहून वेगळी, मऊ आणि जराशी अर्धपारदर्शक. तिचं कारण पाण्यात आहे. पाण्यात उकळायच्या जियाओझीची कणीक थंड पाण्यात भिजवतात. शिजताना तिला हवं तेवढं पाणी मिळतं. वाफेवर मात्र पाणी बेताचंच मिळतं आणि थंड पाण्यातली जाडसर पारी वातड होते. म्हणून पीठ आधीच कढत पाण्यात भिजवतात. ६० अंशांच्या पुढे पिठूळ पाणी पिऊन फुगतं आणि चिकट होतं. उष्णतेने प्रथिनं शिजतात, ग्लूटेनचा ताण जातो. कणीक लवचीक कमी होते, पण हवा तसा आकार घेते आणि वाफेवर मऊ राहते.

हे वाचताना मला हसू आलं. कारण ही तर उकड झाली! तांदळात ग्लूटेन होणारी प्रथिनं नाहीत. तांदळाची पिठी थंड पाण्यात कितीही मळली तरी तिची पारी होणार नाही. म्हणून आपण पाणी उकळतो, मीठ-तेल घालतो, पिठी वैरतो, झाकून दणदणीत वाफ काढतो आणि गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळतो. पिठूळ शिजून जो चिकटपणा येतो, त्याच्याच जोरावर मोदकाची पारी उभी राहते आणि तिला कळ्या पाडता येतात. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडोंगमध्ये, कोळंबीचे पारदर्शक वाफवलेले जियाओझी करतात. त्यांच्यासाठी गव्हातलं ग्लूटेन धुऊन काढून उरलेलं निव्वळ पिठूळ वापरतात आणि त्यावर उकळतं पाणी ओततात. वरून पाहिलं तर मोदक शांघायच्या मुखऱ्यांच्या शियाओलोंगसारखा दिसतो. पिठाच्या हिशेबाने तो या ग्वांगडोंगच्या कोळंबीवाल्याच्या जवळचा. यात वंशावळ शोधायचं कारण नाही. ग्लूटेन नसलेल्या पिठाला बांधायचं कसं, या एकाच अडचणीवर दोन स्वयंपाकघरांना सुचलेला हा एकच तोडगा आहे.

शाशियानची माणसं देशभर का पांगली, याची कथा मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. तिथे ‘हुइ’ची पद्धत होती. ओळखीपाळखीच्या लोकांनी दरमहा पैसे जमवायचे आणि बोली लावून एकाने ती रक्कम उचलायची; आपल्या लिलावाच्या भिशीसारखंच. जास्त परताव्याच्या लोभाने एका भिशीचे पैसे दुसरीत, दुसरीचे तिसरीत असे गुंतत गेले. १९९२ च्या सुमारास ही उतरंड कोसळली. घरंच्या घरं कर्जात बुडाली आणि देणेकऱ्यांना तोंड दाखवता येईना, म्हणून माणसं गाव सोडून निघाली. बरोबर होती ती पातेली, मोगरी आणि आईच्या हाताखाली शिकलेली चार पदार्थांची विद्या. आधी फुजियानमधल्या मोठ्या शहरांत आणि मग दूरवर त्यांनी दुकानं थाटली. त्यांच्यातले काही पैसे कमावून, कर्ज फेडून परतले, तेव्हा तालुक्याच्या सरकारला या धंद्याची ताकद कळली आणि त्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी वेगळी संघटना आणि कार्यालय उभं राहिलं. शेंगझोऊवाल्यांनी पाटीवर राजधानीचं नाव घेतलं. शाशियानवाल्यांनी स्वतःच्या गावाचंच नाव इतक्या पाट्यांवर चढवलं, की ते गाव आता मोठ्या शहरांइतकं ओळखीचं झालं आहे.

मोजपट्टी

‘चांगला’ शियाओलोंग मोजता येतो का? तसा प्रयत्न झाला आहे. शांघायमध्ये राहणाऱ्या क्रिस्टोफर सेंट कॅव्हिश या अमेरिकन लेखकाने २०१५ मध्ये वजनकाटा, कात्री आणि कॅलिपर घेऊन शहरातली ५२ दुकानं पालथी घातली. सारण आणि रस यांच्या वजनांची बेरीज, भागिले पारीची जाडी, गुणिले शंभर, असं त्याचं सूत्र होतं. थोडी थट्टा आणि थोडं संशोधन असलेल्या या उद्योगाचं मला कौतुक वाटतं. पण त्या सूत्रात जाड पारी हा सरळसरळ दोषच. माझ्या दुसऱ्या दुकानाला त्यात जवळजवळ शून्य मिळालं असतं. ते शून्य खोटं नव्हतं. ते दुसऱ्या परीक्षेचं होतं.

दुसरी मोजपट्टी तैपेईची. शान्शी प्रांतातून तैवानला आलेल्या यांग बिंगयी यांनी १९५८ मध्ये खाद्यतेलाचं दुकान काढलं. डबाबंद तेल आल्यावर धंदा बसला, तेव्हा १९७२ मध्ये त्यांनी अर्ध्या दुकानात शियाओलोंगबाओ करायला सुरुवात केली. तेच पुढे जगभर पसरलेलं ‘दिन ताय फंग’. तिथे पारी ५ ग्रॅम, सारण १६ ग्रॅम आणि मुखऱ्या १८, हे ठरलेलं. कुठल्याही देशातल्या शाखेत जा, टोपली उघडली की तोच आकडा. हेही कौशल्य मोठं आहे. गंमत अशी, की शांघायच्या या पदार्थाला जगात सर्वांत ठाशीव रूप दिलं ते उत्तरेच्या गहूखाऊ प्रांतातून आलेल्या एका तेलविक्या माणसाने, समुद्रापलीकडच्या बेटावर. अस्सलपणाचा शोध घेत निघालं तर नानश्यांगला पोहोचण्याआधी इतकी वळणं लागतात.

कॅलिपरने पारीची जाडी कळते. ती जाडी कुणाच्या सकाळच्या बसची वेळ सांभाळते, कुठल्या बुडालेल्या भिशीमुळे ती या गल्लीत आली, हे कळायला दुकानदाराशी बोलावं लागतं. विटांनी बुजवलेल्या खिडकीतल्या आजी-आजोबांना मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही कुठले. ही चुटपुट अजून आहे. त्यांची कणीक मला पाठ होती. त्यांचं गाव मला ठाऊक नाही.

एक ताट मोदक

ऑगस्टच्या अखेरीस गणेश चतुर्थी आली. शांघायमध्ये मोदक करताना पहिल्या वर्षी मी चिकट तांदळाची पिठी आणली होती आणि सगळे मोदक वाफेवर बसून एकमेकांत विरघळले होते. आता कुठली पिठी घ्यायची ते समजलं होतं. गूळ घरून आणलेला होता. अकरा मोदक डब्यात घालून मी दुपारच्या उतरत्या वेळी, गर्दी नसताना, शेंगझोऊच्या त्या मालकांकडे गेले.

त्यांनी मोदक उचलला आणि सर्वांत आधी उलटा करून तळ पाहिला. फुटलाय का, ओल आली आहे का. मग मुखऱ्या मोजल्या. पारी चिमटीत धरून त्यांनी विचारलं, “पाणी उकळतं घातलं?” मी मान हलवली. लाओबान्यांग, म्हणजे मालकीणबाई, आतून आल्या. नुसत्या तांदळाला अशा कळ्या पडतात यावर त्यांचा विश्वास बसेना, म्हणून मी तिथेच उरलेल्या उकडीची पारी करून दाखवली. त्यांची पहिली पारी फाटली, दुसरी साधली.

“भारतातले सगळे असेच करतात?” मालकांनी विचारलं.

हो म्हणणार होते. मग सांगितलं, की नाही. आमच्या कोकणात आणि गोव्यात उकडीचे. देशावर आणि विदर्भात तळणीचेही, गव्हाच्या पारीचे. तमिळनाडूत कोळुकट्टै म्हणतात. त्यांचा आकार निराळा आणि काहींचं सारण तिखटमिठाचं.

“मग त्यातले खरे कुठले?” त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. मालकीणबाई मात्र तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

मी तुपाची लहान बाटली डब्याशेजारी ठेवली होती. तिच्याबद्दल सांगायला तोंड उघडलं, तोवर सवयीप्रमाणे मालकांचा हात टेबलावरच्या काळ्या व्हिनेगरकडे गेला होता. वशीत थोडं व्हिनेगर ओतून त्यांनी मोदकाचा शेंडा त्यात बुडवला. मी काही बोलले नाही.